करंजदऱ्याच्या मठातले दोन ठिपके

मु. पो. करंजदरा, ता. पाटोदा, जि. बीड हा पत्ता मी कितीतरी वर्षं पाकिटांवर लिहिला. प्रत्यक्ष तिथे जायला मात्र नोकरी संपून सहावं वर्ष उजाडावं लागलं.

तिथल्या डोंगरावर एका जुन्या मठाचे अवशेष आहेत. यादवांच्या काळचा असावा. कोणत्या पंथाचा ते नक्की ठाऊक नाही, कारण उरलंय फार थोडं. तिथे एक चार ओळींचा शिलालेख आहे. तो पहिल्यांदा गावात राहून शेजारच्या गावच्या शाळेत शिकवणाऱ्या तांदळे गुरुजींनी पाहिला, आणि त्याचा कागदावर घेतलेला ठसा आणि एक फोटो मला पुण्याला पाठवला. तिथून आमचा पत्रव्यवहार सुरू झाला. मी कॉलेजात इतिहास शिकवायचो, जुने लेख वाचायचो, आणि एका त्रैमासिकाकडे येणारे निबंध तपासून द्यायचो. गुरुजींचा निबंधही माझ्याकडेच आला. त्यांनी तिसऱ्या ओळीतलं नाव ‘माइसें करविलें’ असं वाचलं होतं, म्हणजे माइसा नावाच्या बाईने हे करवून घेतलं. मठाची मुख्य एक बाई होती, असं त्यांचं म्हणणं. मी शेरा लिहिला, की ‘इ’ म्हणून जे दोन ठिपके दाखवले आहेत ते दगडाचे खड्डे आहेत, नाव पुरुषाचंच आहे, लेखकाने उत्साहाला आवर घालावा. शेऱ्याची चिठ्ठी जोडून मी निबंध गुरुजींना परत पाठवला. तो छापला गेला नाही. त्यानंतर गुरुजींची दोन पत्रं आली, त्यांत फक्त पावसापाण्याचं होतं. मग तीही थांबली. मीही लिहिलं नाही.

यंदा माझी पुस्तकं एका वाचनालयाला देऊन टाकायची ठरवली. एकटा माणूस, मागे कोण वाचणार? ती चाळताना तो फोटो हाती आला. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, नवं नवं लख्ख दिसायला लागलं होतं. ते दोन खड्डे मी खूप वेळ बघत बसलो. दोन्ही सारखे होते आणि एका रेषेत होते. दगडाला आपोआप पडलेले खड्डे असे नसतात. गुरुजींचा जुना फोन नंबर लागला नाही. दिवाळी झाल्यावर आठवड्याने मी एस.टी.त बसलो.

पाटोदा

बाजाराचा दिवस नव्हता. स्टँडबाहेर सीताफळांचे शेवटचे ढीग लागले होते, फळं काळी पडायला आलेली. करंजदऱ्याची गाडी दुपारीच गेली होती. मोटारसायकलींच्या एका गॅरेजात चौकशी केली, तर हात पुसत एक पन्नाशीचा माणूस उठला. सलीमभाई त्याचं नाव.

“तांदळे गुरुजींकडं? त्यांच्याच हाताखाली शिकलो मी. पाडे पाठ न्हाई केले की उन्हात उभं करायचे. चला, सोडतो.”

दुकान तसंच उघडं टाकून त्याने मला गाडीवर घेतलं. पुण्यात मी सोसायटीच्या दुकानदाराला पंधरा वर्षं ओळखतो, पण त्याचं नाव मला माहीत नाही, हे तेव्हा मनात आलं. गाव संपलं आणि माळ सुरू झाला. दोन्ही बाजूंना फुलावर आलेली तूर, मधे गुडघाभर ज्वारी, आणि पार क्षितिजापर्यंत पवनचक्क्या. त्या सगळ्या एकाच दिशेला तोंड करून सावकाश फिरत होत्या. रस्त्यावर माणूस दिसत नव्हतं.

“समदे गेले,” सलीमभाई वाऱ्यातून ओरडून सांगत होता. “ऊसतोडीला. आता एकदम उन्हाळ्यातच गाव भरंल.”

थोडं पुढे गेल्यावर त्याने गाडी हळू केली.

“सर, एक सांगतो. गुरुजी आता पैल्यासारके न्हाईत. वळखत न्हाईत कुणाला. मला कदी सलीम म्हणतेत, कदी माझ्या बापाचं नाव घेतेत. तुमी वाईट वाटून घेऊ नका.”

सबंध वाटेत मी माफीची वाक्यं जुळवत आलो होतो. ती ऐकायला समोर कोणी नसेल, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

करंजदरा

गावात घरांना ओळीने कुलपं. एका कुलपाला तर चिंधी गुंडाळून ठेवली होती, पावसाने गंजू नये म्हणून. गुरुजींचं घर देवळाच्या मागे. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी. पडवीत खुर्चीवर गुरुजी बसले होते. पांढरा शर्ट, खिशाला पेन, दाढी नीट केलेली. त्यांना मी पहिल्यांदाच पाहत होतो. पत्रांतल्या अक्षरावरून मी उंच, हाडापेराने मजबूत माणूस समजत होतो. ते लहानखुरे निघाले.

“या, बसा. कुठले तुम्ही?”

“पुण्याहून आलो. लिमये.”

“बरं, बरं. पाणी आणा यांना.”

पाणी पिऊन झालं, तर त्यांनी पुन्हा विचारलं, “कुठले तुम्ही?” मी पुन्हा सांगितलं. त्यांच्या पत्नी सुभद्राबाई बाजूला शेंगा फोडत बसल्या होत्या. माझं आडनाव दुसऱ्यांदा ऐकताना त्यांचा हात थांबला. मग त्या उठून चुलीकडे गेल्या.

आमच्याकडे दाराची साखळी न काढता आधी काम विचारतात. इथे मला आधी जेवायला घातलं. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी, फोडलेला कांदा. येसर म्हणजे धान्य आणि मसाले भाजून केलेलं पीठ. ते उकळीला लागलं की दाट, खमंग आमटी होते. मी तीन वाट्या प्यालो. गुरुजी भाकरी अगदी बारीक कुस्करून खात होते, आणि मधूनच मला वाढा म्हणून सांगत होते. जेवून ते लगेच आडवे झाले.

सुभद्राबाई ताटं उचलता उचलता म्हणाल्या, “लिमये म्हंजे ते चिठ्ठीवालेच का तुमी?”

“हो वहिनी.”

“तुमची ती चिठ्ठी आली. मठाची. त्या दिशी जेवले बगा नीट. चिडले न्हाईत, काय न्हाई. पन मग डोंगरावर जायाचं बंद केलं. आदी दर रविवारी जायचे, भाकरी बांधून. मी म्हनलं, कावून जात न्हाई? तर म्हनले, पाय दुखतेत.”

“दुखत होते का?”

“शाळेत तर रोज चालतच जायचे की. तीन मैल जायाचं, तीन मैल यायाचं.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. झालं ते सांगावं तसं त्यांनी सांगितलं आणि ताटं घेऊन बाहेर गेल्या. मला वाकळ अंथरून दिली होती. पलीकडे गुरुजींचा श्वास शांत चालला होता.

डोंगरावर

सकाळी सुभद्राबाईंनी धपाटे आणि दही बांधून दिलं, वाट सांगितली. “वड्याच्या कडंनं जावा. तरवडाची पिवळी झुडपं संपली की उजवीकडं पायरी लागंल. बरूबर कुनी द्यायला मानूसच न्हाई गावात.”

बालाघाटचे हे डोंगर टोकदार नाहीत. वरून सुरीने कापल्यासारखे सपाट, आणि कडेने काळ्या दगडाचे थर. चढ फारसा नव्हता, पण कुसळं मोज्यांत घुसत होती आणि सीताफळीची झाडी वाट अडवत होती. अर्ध्या चढावर माझ्या बुटाचा तळ सुटला. बूट चांगले होते, पण कितीतरी वर्षं कपाटात नुसते पडून होते. डिंक वाळून गेला असणार. जीभ बाहेर काढावी तसा तळ प्रत्येक पावलाला फटफट वाजू लागला.

तिथे एक म्हातारी शेळ्या घेऊन बसली होती. तिने माझ्याकडे, मग बुटाकडे पाहिलं आणि स्वतःजवळच्या पोत्याची सुतळी काढली.

“हिकडं करा पाय.”

मी संकोचलो, पण तिने पाय ओढून मांडीवर घेतला आणि बूट आवळून बांधला. मुलगा-सून ऊसतोडीला गेले होते. नातवंडंही सोबत गेली होती. घरी ती आणि सात शेळ्या.

“वर कशाला निगालात?”

“मठ बघायला.”

“म्हातारीचा मठ? काय हाय तितं. दगडं हायेत.”

“म्हातारीचा? कोण म्हातारी?”

“काय ठाव. समदे म्हनतेत, म्हनून म्हनायचं.”

हे नाव गुरुजींनी निबंधात दिलं होतं. लोक काहीही म्हणतात, तो पुरावा नव्हे, असं मी समासात लिहिल्याचं मला आठवलं. म्हातारीने एक पिकलेलं सीताफळ हातावर ठेवलं. ते फोडून खात खात मी वर पोचलो, तेव्हा अकरा वाजले असतील.

वर मोठा सपाट माळ. वारा एकसारखा. मठाचं जोतं पूर्वेकडे आहे, पुरुषभर उंचीच्या भिंतीचा एक कोपरा अजून उभा. त्याला चुना नाही, नुसते दगड एकमेकांत बसवलेले. मधे देवळाचा चौथरा, त्यावर छप्पर नाही आणि देवही नाही. मागच्या कड्यात ओळीने सहा खोल्या खोदल्यात. वाकून आत जावं लागतं. आत एका माणसाला झोपता येईल एवढा ओटा आणि डोक्याशी दिव्याचा कोनाडा. कोनाड्यावरचा दगड काजळीने काळा पडलाय. गुराख्यांच्या चुलीची असेल, नाहीतर त्या काळचीही असेल. मी एका ओट्यावर थोडा वेळ पडलो. दगड गार होता. माझ्या पुण्याच्या खोलीतही पलंग, दिवा आणि भिंत यांच्यापलीकडे फार काही नाही. पण इथे राहणाऱ्याला भिंतीपलीकडे दुसऱ्या पाच जणांचा श्वास ऐकू येत असेल.

चौथऱ्याच्या खाली खडकात कोरलेलं पाण्याचं टाकं आहे. अजून पाणी आहे, हिरवं. पायऱ्या उतरल्या की डाव्या हाताच्या भिंतीवर लेख. दक्षिणेकडे तोंड.

मी गुडघ्यावर बसून पाहिलं आणि निराश झालो. भर दुपारच्या उजेडात सगळी अक्षरं सपाट झाली होती. हे खड्डे, ते खड्डे, सगळे सारखेच. गुरुजींचा फोटोही दुपारचाच असणार. त्याच उजेडातल्या फोटोवर मी पुण्याच्या टेबलाशी बसून निर्णय दिला होता. दगड वाचायला ऊन तिरपं लागतं, हे मी दरवर्षी मुलांना शिकवायचो.

आता ऊन कलेपर्यंत थांबणं आलं. धपाटे खाल्ले. पाण्याशी एक बगळा येऊन बसला आणि उडून गेला. कुठूनतरी ट्रॅक्टरचा आवाज आला, तोही विरला. माझ्याजवळ फोन होता, पण कोणाला लावायचा ते सुचेना. इतक्या वर्षांत या दगडाविषयी मी फक्त एका माणसाशी बोललो होतो. तो खाली पडवीत बसला होता, आणि त्याला मी कोण ते माहीत नव्हतं. माळावर पाच तास मी एक शब्दही बोललो नाही. घरी असे कित्येक दिवस जातात, पण तिथे रेडिओ लावलेला असतो म्हणून ते जाणवत नाही.

साडेचारनंतर ऊन भिंतीला घासून यायला लागलं. आधी पहिल्या ओळीचं डोकं उठलं, मग एकेक अक्षर सावली धरून वर येऊ लागलं. ‘करविलें’ स्पष्ट. त्याआधी ‘मा’. आणि ‘मा’च्या पुढे, वर दोन ठिपके, खाली वळलेली रेघ. त्या काळचा ‘इ’ असाच काढत. मी बोट लावून पाहिलं. कडा तीक्ष्ण होत्या, छिन्नीच्या. आजूबाजूचा सगळा दगड मी तळहाताने चाचपला, असा खड्डा दुसरा एकही नव्हता.

माइसें करविलें.

मी ते मोठ्याने वाचलं. टाक्यात आवाज घुमला. गुरुजींनी बरोबर वाचलं होतं. मी चुकलो होतो. आणि माझ्या चुकीचं कारण ठिपके नव्हते, हे तिथे गुडघ्यावर बसल्यावर मला मान्य करावं लागलं. खेड्यातल्या प्राथमिक शिक्षकाला जे दिसलं ते मला दिसलं नाही, हे तेव्हा मला सोसलं नव्हतं. मोबाईलवर पंधरा-वीस फोटो काढले. ऊन भिंतीवरून सरकलं तशी अक्षरं पुन्हा दगडात गेली, आणि मी सुतळी बांधलेला बूट जपत खाली उतरलो.

पडवीत

दिवेलागणीला पोचलो. गुरुजी तसेच खुर्चीवर होते. मी त्यांच्यासमोर जमिनीवरच बसलो.

“गुरुजी, मठ बघून आलो. तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे. माइसाच आहे.”

त्यांनी मान हलवली. जणू हे सांगायला कोणी मुद्दाम यावं, यात विशेष काही नव्हतं.

“माइसाच. दोन ठिपके हायेत ना वर.”

“आहेत. मी बोट लावून पाहिले.”

“हां. बोट लावायलाच पाहिजे.” त्यांनी तर्जनी हवेत धरली, वर दोन ठिपके दिले, खाली रेघ वळवली. हात अगदी स्थिर होता. मग माझ्याकडे झुकून त्यांनी आवाज खाली आणला. “पुण्याच्या सरांना पटलं का पण?”

सुभद्राबाई दारात उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

“पटलं,” मी म्हणालो.

“बरं झालं. लई अभ्यासू माणूस. मला पत्रातून सगळी लिपी त्यांनीच शिकवली. अक्षराखाली अक्षर काढून पाठवायचे. त्यांचं कधी चुकत नाही. म्हणून मला वाटलं, माझंच चुकलं असंल.”

पुढे ते पावसाबद्दल बोलू लागले, आणि जेवायच्या वेळी त्यांनी मला पुन्हा विचारलं, कुठले तुम्ही.

निघताना

सकाळच्या गाडीला सोडायला सुभद्राबाई देवळापर्यंत आल्या. हातात सीताफळांची पिशवी होती. ती मला देऊन त्या म्हणाल्या, “एक इचारू? काल त्यांनी तुमचं नाव काडलं, तवा ‘मीच तो’ असं कावून सांगितलं न्हाई?”

“त्यांनी इतकं चांगलं म्हटलं. मग माझं तोंड उघडेना.”

“आन् वंगाळ म्हनले असते तर उगडलं असतं?”

गाडी यायला पंधरा मिनिटं होती. पिशवी देवळाच्या पायरीवर ठेवून मी परत गेलो.

गुरुजी उन्हात खुर्ची घेऊन बसले होते. मी वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

“गुरुजी, तो पुण्याचा लिमये मीच. तुमचा निबंध मी परत पाठवला. चूक माझी होती. मी दगड न बघताच लिहिलं.”

त्यांनी माझा चेहरा बराच वेळ न्याहाळला. पांढरे केस, चष्मा, सुतळीने बांधलेला बूट, सगळं. मग समजूत घालावी तसे हसले.

“तुम्ही न्हाई हो. ते तरुण हायेत. कॉलेजात शिकवतात.” त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “तुम्ही पुण्याला राहता, तर भेटले की सांगा त्यांना. पत्रं पुष्कळ झाली, आता एकदा या म्हणावं. मी नेतो वर. लांबचा रस्ता आहे, पण एकटं वाटणार न्हाई.”

“सांगतो,” मी म्हणालो.

रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. सुभद्राबाईंनी ती हात करून थांबवून धरली होती.